हायड्रॉलिक सस्पेन्शन बसलंय? पंप बदलायच्या आधी वजन कोण उचलतंय ते बघा

सकाळी पार्किंगमध्ये गेलो आणि गाडी मागून म्हैस बसावी तशी बसलेली दिसली की पोटात गोळा येतो. गंमत म्हणजे पुष्कळदा प्रॉब्लेमही गोळ्याचाच असतो, पण ते कळेपर्यंत आपण पंपाचे पैसे भरून मोकळे झालेलो असतो. माझ्याकडे २००३ ची लँड क्रूझर १०० आहे, दिल्लीहून एनओसी काढून आणलेली, तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली म्हणून तिकडच्या मोठ्या गाड्या इकडे स्वस्तात येतात, आणि स्वस्तात का येतात याची दुसरी अर्धी कारणं नंतर घोडबंदर रोडला कळतात. दोन वर्षं हिच्यामागे लागून जे शिकलो ते लिहितोय, म्हणजे अजून कोणी माझ्यासारखा आधी खर्च करून मग विचार करत बसू नये.

आधी एक गोंधळ मिटवतो. आपल्याकडे गॅरेजमध्ये सगळ्याच वर-खाली होणाऱ्या गाड्यांना हायड्रॉलिक म्हणतात. ऑडी क्यू७, मर्सिडीज जीएल, रेंज रोव्हर यांच्यात बहुतेक करून हवेचे फुगे असतात, कॉम्प्रेसर हवा भरतो, गळती शोधायला साबणाचं पाणी चालतं. तो वेगळा विषय, त्यासाठी हा लेख कामाचा नाही. मी बोलतोय ते तेलावर चालणाऱ्या सस्पेन्शनबद्दल, टोयोटा त्याला एएचसी म्हणते, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह हाइट कंट्रोल. लँड क्रूझर १०० च्या वरच्या व्हेरिएंटमध्ये, लेक्सस एलएक्स ४७० मध्ये आणि पुढे एलएक्स ५७० आणि ४५०डी मध्ये हेच आहे. २०१७ साली लेक्सस आपल्याकडे अधिकृत आली तेव्हापासून ४५०डी सेकंडहँड बाजारातही दिसायला लागली. ओळखायची खूण सोपी आहे, आत हाय-नॉर्मल-लो चं बटण आणि बॉनेटखाली तेलाची वेगळी टाकी, ब्रेकची नाही, स्टिअरिंगची नाही, तिसरीच.

आणि अजून एक, लँड क्रूझर २०० आणि प्राडो १५० च्या काही व्हेरिएंटमध्ये केडीएसएस नावाची टोयोटाचीच वेगळी सिस्टीम असते. त्यातही तेल असतं पण ते अँटीरोल बारसाठी, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्यासाठी, गाडीची उंची ते बदलत नाही. तुमची गाडी फक्त एका बाजूला कलून उभी राहत असेल आणि हाय-लो चं बटणच नसेल तर त्याच्या दोन व्हॉल्व्हचे स्क्रू सपाट जागी दोन-तीन फेरे सैल करून, गाडी हलवून, परत घट्ट केले की बऱ्याचदा काम होतं. त्यासाठी सस्पेन्शन उतरवायला देऊ नका.

आता हे चालतं कसं ते थोडं समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. गाडीचं वजन फक्त तेल उचलत नाही. १०० मध्ये पुढे टॉर्शन बार आहेत, म्हणजे पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे लोखंडी दांडे, मागे कॉइल स्प्रिंग आहेत, बरंचसं वजन त्यांच्यावर, उरलेला भार तेलावर. प्रत्येक चाकाला शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या जागी एक सिलिंडर, त्याला पाइपने जोडलेला एक लोखंडी गोळा. कोणी त्याला ग्लोब म्हणतं, कोणी स्फिअर, आमचा मिस्त्री बॉल म्हणतो. गोळ्याच्या आत रबराचा पडदा, पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला तेल. चाक खड्ड्यात गेलं की तेल गोळ्यात घुसतं, गॅस दाबला जातो, आणि तो मऊ मऊ धक्का तुम्हाला जाणवतो, ज्यासाठी माणूस एवढे पैसे घालतो. आयडिया नवी नाही, १९५५ सालच्या सिट्रॉएन डीएसमध्येच असे गोळे होते.

आता बघा, स्प्रिंग जुनी झाली, थकली, की ती आधीइतकं वजन उचलत नाही. साध्या गाडीत काय होतं, गाडी खाली बसते, तुम्हाला दिसतं, तुम्ही स्प्रिंग बदलता. इथे तसं होत नाही. सेन्सर सांगतो गाडी खाली गेली, कॉम्प्युटर पंपाला सांगतो अजून तेल भर, गाडी परत बरोब्बर उंचीवर. बाहेरून सगळं छान. पण आत तेलाचं प्रेशर वाढलेलं असतं, ते चोवीस तास गोळ्यातला गॅस दाबत असतं, पंपाला प्रत्येक वेळी जास्त जोर लावावा लागतो. म्हणजे घरातला एक भाऊ काम करेनासा झाला की दुसरा गुपचूप दोघांचं करतो आणि एक दिवस तोच आडवा होतो तसं. मग आपण आडव्या झालेल्याला दवाखान्यात नेतो आणि दुसरा पंख्याखाली पेपर वाचत बसलेला असतो.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजवाल्याने गाडी बघितली, दोनदा हाय चं बटण दाबलं, गाडी उठली नाही, म्हणाला "शेठ, पंप गया". पंपाचं कोटेशन ऐकून मी खुर्ची पकडली. सुदैवाने त्या महिन्यात पैसेच नव्हते, म्हणून वाचलो.

तर आता क्रमाने, आणि क्रम महत्त्वाचा आहे, स्वस्तातलं आधी.

सगळ्यात आधी बटण बघा. हसू नका. या गाडीत हाइट कंट्रोल बंद करायचं ऑफ चं बटण असतं. कोणीतरी टायर बदलताना दाबतं आणि परत चालू करायला विसरतं. डॅशबोर्डवर ऑफ चा दिवा सलग लागलेला असेल तर सिस्टीम नुसती बंद आहे, लुकलुकत असेल तर तिने फॉल्ट पकडलाय. खारघरच्या माझ्या मित्राने एक अख्खा पावसाळा बैलगाडीसारखी गाडी चालवली, शेवटी पोराने खेळता खेळता बटण दाबलं आणि गाडी हळूच वर आली. मित्र म्हणतो तेव्हा त्याला वाटलं गाडीत भूत आहे. आणि उलटंही लक्षात ठेवा, गाडी जॅकवर घेण्याआधी हे ऑफ करायचंच, नाहीतर चाक लटकलं की सिस्टीमला वाटतं उंची बिघडली आणि ती आपल्या परीने दुरुस्त करायला जाते, आणि खाली तुमचा हात असतो. हाय-लो करताना दारं सगळी बंद ठेवा, दार उघडं ठेवून बटण दाबत बसलात आणि काही झालं नाही तर तो बिघाड नव्हे.

मग फ्यूज, रिले आणि बॅटरी. पंपाची मोटर चांगला करंट खेचते, बॅटरी मेलेली असेल तर ती दमते.

मग शिंप्याची टेप घ्या. खरंच शिंप्याची, मऊ, कारण लोखंडी टेपने फेंडरला चरे पडतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळ्यात सपाट जागा शोधा, आमच्याकडे तर ती नेमकी सेक्रेटरीच्या जागेवर होती, त्यांना चहा पाजावा लागला. गाडी नॉर्मलवर, रिकामी, टायरची हवा सारखी, इंजिन चालू करून दोन मिनिटं स्थिर होऊ द्या. आता चाकाच्या मधल्या टोपीच्या केंद्रापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. टायर कितीही मोठा-छोटा असला तरी हा आकडा बदलत नाही, म्हणून हाच मोजायचा, जमिनीपासून नाही. १०० आणि एलएक्स ४७० ला पुढे साधारण ५०० मिमी, मागे साधारण ५२० मिमी. चारही आकडे लिहून ठेवा. गाडी बंद करा, सकाळी परत मोजा. तेल थंड होतं, आकसतं, चारही कोपरे थोडे खाली येणं नॉर्मल आहे. एकच कोपरा किंवा एकच बाजू दोन-तीन बोटं खाली आली असेल तर तिथे गळती शोधायची, किंवा व्हॉल्व्ह आतल्या आत तेल सोडतोय.

माझी गाडी पुढे ५३२ भरली. मी खूश, म्हटलं वा, उंच आहे, खड्ड्यांना बरी. नंतर कळलं की आधीच्या कोणीतरी मोठे टायर टाकून गाडी रुबाबदार दिसावी म्हणून हाइट सेन्सरचा लिंक, म्हणजे सेन्सरला चाकाच्या आर्मशी जोडणारा दुवा, फिरवून ठेवला होता. म्हणजे कॉम्प्युटरला वाटत होतं गाडी खाली आहे, तो बिचारा तेल भरत राहायचा. आणि गाडी जितकी वर जाते तितकी स्प्रिंग सैल होते आणि वजन तेलावर येतं. जाहिरातीत लिफ्टेड लिहिलेली अशी गाडी दिसली तर पहिला प्रश्न हाच विचारा, लिफ्ट स्प्रिंगने केलीय का सेन्सरने. उत्तर देताना अडखळला तर समजून जा.

आता माझी आवडती टेस्ट, पूर्ण फुकट. तेलाच्या टाकीवर रेघा असतात. बॉनेट उघडून खाली टॉर्च मारून टाकी शोधा, धूळ इतकी असते की आधी ओल्या फडक्याने पुसावी लागते. नॉर्मलवर तेल मॅक्स-मिनच्या मध्ये आहे ना बघा, नसेल तर पुढे जाऊच नका, आधी ते का कमी झालं ते शोधा. असेल तर गाडी लो वर घ्या. सिलिंडरमधलं तेल परत टाकीत येतं, पातळी चढते, ती रेघ लक्षात ठेवा, किंवा मार्करने खूण करा. आता हाय वर घ्या. तेल बाहेर जातं, पातळी उतरते. दोन्हींमधल्या रेघा मोजा. गोळे नवे असतील तर फरक साधारण १४ रेघांचा येतो. ७-८ च्या आसपास आला की गोळे संपत आले. माझे आले पाच.

असं का होतं ते पण सांगतो, म्हणजे आकडा पाठ करायला नको. गोळ्यात गॅस शाबूत असेल तर लो करताना प्रेशर उतरतं आणि गॅस फुगून तेल बाहेर ढकलतो, टाकीत भरपूर तेल येतं. वर्षानुवर्षं पडद्यातून गॅस झिरपून गेला की गोळा तेलानेच भरलेला राहतो, त्यात दाबायला किंवा फुगायला काही उरतच नाही, म्हणून टाकीतली पातळी फारशी हलत नाही. आणि तेल काही दबत नाही, म्हणून मेलेल्या गोळ्याची गाडी दगडासारखी चालते. तुम्हाला वाटतं शॉकअप गेले. माजिवड्याच्या पुलाखाली मेट्रोच्या कामाने जो रस्ता झालाय त्यावर माझ्या बायकोने मागे बसायला नकार दिला होता, म्हणाली त्यापेक्षा रिक्षा बरी, आणि तिचं बरोबर होतं.

इथपर्यंत एक पैसा खर्च झालेला नाही. आता थोडा करायचा. लॅपटॉपवर टेकस्ट्रीम, म्हणजे टोयोटाचं तपासणीचं सॉफ्टवेअर, आणि गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायची साधी ओबीडी केबल, किंवा टोयोटा नीट वाचणारा स्कॅनर असलेला माणूस. नुसता इंजिनचे कोड वाचणारा दोनशे-पाचशेचा ब्लूटूथ डोंगल इथे चालत नाही, त्याला सस्पेन्शनचा कॉम्प्युटर दिसतच नाही. दोन गोष्टी बघायच्या. एक, कोड. सी१७११ आणि सी१७१२ म्हणजे पुढचे उजवा-डावा हाइट सेन्सर, सी१७१३ म्हणजे मागचा. दोन, आणि जास्त महत्त्वाचं, पुढचं आणि मागचं प्रेशर. गाडी रिकामी, नॉर्मलवर. १०० सिरीजला पुढे सात एमपीएच्या आसपास, मागे सहाच्या आसपास असावं, नेमकी रेंज तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, २०० आणि ५७० चे आकडे वेगळे आहेत. सात एमपीए म्हणजे ७० बार, टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार भरतो त्यावरून अंदाज घ्या. माझं पुढचं होतं ८.४. म्हणजे पंप मेला नव्हता, पंप जीव तोडून काम करत होता आणि वजन उचलायला पुढचे टॉर्शन बार मदतच करत नव्हते.

प्रेशर जास्त असेल तर गोळे बदलू नका. म्हणजे बदला, पण आधी प्रेशर उतरवा. नाहीतर नवे गोळे त्याच भट्टीत जातात. ही एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी हे सगळं लिहिण्याचं चीज झालं.

आधी सेन्सर जागेवर आणायचे. पुढचे दोन खालच्या आर्मजवळ, मागचा एक अ‍ॅक्सलला जोडलेला. आपल्याकडे हे सेन्सर पावसाने मरतात, साचलेल्या पाण्यातून दोन-चार वेळा गाडी काढली की कनेक्टरमध्ये हिरवट मोरचुदासारखा थर जमतो, आणि ऐरोली-वाशीच्या खाडीच्या हवेत लिंकचे नट गंजून एकजीव होतात. कनेक्टर काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, जुन्या टूथब्रशने घासा, सुकू द्या. मल्टीमीटर असेल तर एका वायरवर ५ व्होल्ट सप्लाय, एक अर्थ, आणि तिसऱ्यावर सिग्नल. लिंक सोडून हाताने दांडी हळूहळू वर-खाली करा, सिग्नलचं व्होल्टेज सावकाश, एकसारखं चढायला-उतरायला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा शून्यावर गेलं तर आतला ट्रॅक झिजलाय. बहुतेक वेळा मधल्या भागातच झिजतो कारण गाडी आयुष्यभर नॉर्मलवरच असते, दांडी तिथेच थरथरत राहते. असा सेन्सर चालत्या गाडीत कधी वर कधी खाली असा पिसाटल्यासारखा वागतो आणि लोक व्हॉल्व्ह बदलून बसतात.

मग टॉर्शन बार. पुढच्या प्रत्येक बारला मागच्या टोकाला एक अ‍ॅडजस्टिंग बोल्ट असतो. तो आवळला की बार जास्त वजन घेतो आणि प्रेशर उतरतं. एका फेऱ्याला साधारण ०.२ एमपीए फरक पडतो, पण हे गाडीगणिक बदलतं, म्हणून दोन्ही बाजूंना सारखे एक-दोन फेरे द्या, गाडी थोडी चालवून आणा, परत मोजा. डावी-उजवी बाजू समान नसेल तर तीही इथेच, एका बाजूला कमी-जास्त करून जुळवायची, सेन्सर फिरवून नाही. बोल्ट गंजलेला असेल, आणि असणारच, तर आदल्या रात्री तेल मारून ठेवा. मी पाच फेरे दिले आणि सेन्सर मूळ जागी आणला, ८.४ चे ६.९ झाले. त्या दिवशी एक रुपयाचा पार्ट न लावता गाडी हाय वर चढली. गॅरेजवाल्याला मुद्दाम व्हिडिओ पाठवला, त्याने अंगठा पाठवला.

मागे असं फिरवायला काही नाही. तिथे कॉइल थकली असेल तर नवी टाकायची किंवा वर स्पेसर द्यायचा. मागचं प्रेशर थोडंच जास्त असेल तर स्पेसर पुरतो. मागे सात माणसं आणि कोकणात जातानाचं सामान नेहमी असेल तर नवी कॉइलच टाका.

टॉर्शन बारला हात लावला की नंतर अलाइनमेंट करायचीच, आणि हेडलाइट पण एकदा भिंतीवर मारून बघा, नाहीतर समोरचे लोक रात्री शिव्या घालतात.

यानंतरही रेघांचा फरक कमीच असेल तर गोळे. चारही एकदम. एकेक बदलायचा मोह होतो, मलाही झाला होता, पण चारही एकाच वयाचे असतात, एक नवा आणि तीन म्हातारे असं झालं की गाडी वळणावर विचित्र वागते. सेकंडहँड गोळे कुर्ल्याला मिळतात, घेऊ नका, त्यांच्यातला गॅस किती उरलाय ते बाहेरून कळत नाही.

आता गोळे बदलायला किंवा तेल बदलायला सिस्टीम उघडायची म्हणजे धोका सुरू होतो, म्हणून हे जरा सावकाश वाचा. आत ७० बार आहे. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेली तेलाची धार कातडीत घुसते, बाहेरून मुंगी चावल्यासारखा ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, आणि काही तासांत बोट काळंनिळं पडतं, कधीकधी कापावं लागतं. असं झालं तर घरी हळद लावत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा आणि हायड्रॉलिक तेल घुसलंय हे शब्द वापरून सांगा. म्हणून गळती बोटाने चाचपायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरायचा, धार असेल तर पुठ्ठ्यावर डाग पडतो. आणि नुसत्या सस्पेन्शनच्या भरवशावर गाडीखाली घुसायचं नाही. तेल सुटलं की गाडी क्षणात बंप स्टॉपवर, म्हणजे चेसिसखालच्या रबरी गुटक्यांवर, बसते, खाली जितकी जागा होती तितकी राहत नाही. चेसिसखाली चांगले स्टँड लावा, विटा नाही, ठोकळे नाही.

तेल बदलायची रीत अशी. टाकी मॅक्सपर्यंत भरा, गाडी लो वर घ्या, इंजिन बंद, हाइट कंट्रोल ऑफ. ब्लीड निपलला, म्हणजे तेल-हवा बाहेर काढायच्या तोटीला, पारदर्शक नळी लावून बाटलीत सोडा, पान्याने निपल हळूच सैल करा, आधी जोरात मग मंद तेल येतं, गाडीचा तो भाग खाली बसतो. निपल बंद करा, टाकी परत भरा, इंजिन चालू करून नॉर्मलवर घ्या, पंप नवं तेल भरतो. पुढे दोन, मागे दोन, आणि पंपाजवळच्या अ‍ॅक्युम्युलेटरचा, म्हणजे दाबाखालचं तेल साठवणाऱ्या टाकीचा, एक निपल विसरू नका, तो बरेच जण विसरतात. मध्ये एकदाही टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, हवा शिरली की तेलाचा फेस होतो, गाडी स्पंजसारखी उठते आणि मग परत पहिल्यापासून. माझा भाचा टाकीवर नजर ठेवायला उभा होता, त्याला एक मेसेज आला, बस, आम्ही रात्री बारापर्यंत फेस काढत बसलो होतो आणि वॉचमन विचारत होता की साहेब गाडी नाचवताय का.

तेल टोयोटाचं एएचसीचंच, अडीच लिटरच्या डब्यात येतं, पूर्ण बदलायला दोनेक डबे लागतात. इथे कंजूषी करून स्टिअरिंगचं एटीएफ किंवा ब्रेक ऑइल घालणारे महाभाग मी पाहिलेत. ब्रेक ऑइल घातलं तर आतली रबरं फुगतात आणि मग खरंच सगळं बदलावं लागतं.

बाहेरची गळती असेल तर मागच्या बाजूचे लोखंडी पाइप पहिले बघा, खाडीची हवा आणि चिखल दोन्ही तिथे बसतात, क्लिपच्या खाली पाइप गंजतो आणि वरून दिसतही नाही. क्लिप काढून टिश्यू पेपर फिरवा. रबरी होज फुटला असेल तर त्यासाठी महिनाभर पार्टची वाट बघायला नको. पावण्याला, तुर्भ्याला एमआयडीसीत जेसीबी आणि क्रेनचे होज क्रिम्प करून देणारी दुकानं आहेत, त्यांच्या होजना दोनशे-तीनशे बार सहज झेपतात, आपले ७० म्हणजे त्यांच्यासाठी खेळ. जुना होज काढून न्यायचा, दोन्ही टोकांच्या फिटिंगचा आटा तोच जुळवून घ्यायचा, आणि कुठलं तेल आहे ते सांगायचं. सायलेन्सरजवळून जाणार असेल तर वर स्लीव्ह चढवून घ्या. मी गेलो तेव्हा तिथल्या काकांनी होज हातात घेऊन विचारलं, "काय, जेसीबी कुठली?" मी म्हटलं नाही हो काका, फॅमिली कार आहे.

पंप आता राहिला. पंप फिरतच नसेल, बॉनेटजवळ कान लावूनही घूं आवाज नाही, फ्यूज-रिले ठीक, कनेक्टरवर व्होल्टेज येतंय, तर मोटर. मोटर वाइंडिंग करणाऱ्याकडे कार्बन ब्रश बघून घ्या, नुसते ब्रश गेले असतील तर स्वस्तात सुटाल. पंप फिरतोय पण गाडी उठत नाही आणि अर्ध्या मिनिटात दिवा लुकलुकायला लागतो, तर वरचं सगळं तपासून झालंय ना ते परत बघा, तेल, हवा, प्रेशर. खरा मेलेला पंप मी आत्तापर्यंत एकच बघितलाय, तो मोटरमध्ये पाणी जाऊन गेला होता.

शेवटी, "शेठ, काढून टाका, साधे शॉकअप टाकतो" असं सांगणारा भेटतोच. करता येतं, पण एएचसीच्या गाडीची कॉइल आणि टॉर्शन बार मुळातच मऊ असतात कारण उरलेलं काम तेल करणार हे धरलेलं असतं. नुसते शॉक बदलले तर गाडी पुढे-मागे बसलेलीच राहणार. जाड टॉर्शन बार आणि कडक कॉइल दोन्ही टाकायच्या तयारीने हिशोब करा, आणि मग तो गोळ्यांच्या खर्चाशेजारी ठेवून बघा. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर काळी टेप चिकटवून गाडी परत देणारेही आहेत, टेप दिसली की त्या गाडीपासून लांब राहा.

माझ्या गाडीचे आत्ताचे आकडे, पुढे ६.९, मागे ६.१, रेघा १३. ग्लव्हबॉक्समध्ये एक वही ठेवलीय, दर दिवाळीला आणि पावसाळा संपला की मोजून लिहितो. मागची डावी बाजू अजून चार मिमी खाली आहे, त्याचं कारण सापडलेलं नाही, मिस्त्री म्हणतो शेठ रस्ताच वाकडा आहे, आणि आमच्या पार्किंगची फरशी बघता तो खोटं बोलत नसावा.